चालतेसाहेबांचा बाक

शोकसभेत भावनेच्या भरात बोलू नये, हे ग्रंथपालांना पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेही शोकसभा संपल्यावर. चाळीस हजार पुस्तकं सांभाळणाऱ्या माणसाला एक वाक्य सांभाळता आलं नाही, असं त्यांची बायको पुढे वर्षभर म्हणत होती. पण त्या दिवशी ती स्वतः पहिल्या रांगेत उभी राहून डोळे पुसत होती, त्यामुळे तिच्या मताला फारशी किंमत देण्याचं कारण नाही.

सभा होती औषधांच्या दुकानावरच्या खोलीत, म्हणजे चालतेसाहेबांच्याच ऑफिसात. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त कागदपत्रांवर उरलं होतं. तरुणपणी ते पगारी खेळाडू होते आणि खेळ कोणता, तर चालण्याचा. वीस-वीस, पन्नास-पन्नास किलोमीटर चालण्याच्या शर्यती असतात. त्यात पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे, दोन्ही सुटलेले दिसले की पंच पाटी दाखवून बाहेर काढतात. एका मोठ्या क्लबाने त्यांना एवढ्यासाठी दरमहा पगार लावला होता. चालायचा पगार मिळतो ही गोष्ट त्यांच्या आईला शेवटपर्यंत पटली नाही. ती लोकांना मुलगा टपालखात्यात आहे म्हणून सांगायची.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा साहेबांनी शर्यती सोडल्या आणि ते लोकांना पैसे कुठे गुंतवावेत हे सांगू लागले. चालणं मात्र सुटलं नाही. ऑफिसात एक टेबल, एक कपाट, बूट ठेवायची फळी आणि एक खुर्ची, तिच्यावर फायली. गिऱ्हाईक आलं की साहेब बुटांची नाडी आवळत म्हणायचे, "चला, चालता चालता बोलू." समोर बाग होती, बागेला कडेकडेने फरसबंद वाट होती. त्या वाटेवर साहेब कंबर डावी-उजवीकडे टाकत आपल्या जुन्या वेगाने निघायचे आणि गिऱ्हाईक आपली बेत-योजना घेऊन मागून फरपटत यायचं. नियम एकच होता. पाच फेऱ्या पूर्ण झाल्यावरही तुम्हाला तेच करावंसं वाटत असेल, तर साहेब कागदावर सही करणार. बहुतेकांचे बेत तिसऱ्या फेरीत गळून पडत. राहिलेल्या दोन फेऱ्या गिऱ्हाईक नुसतं श्वास घेई.

ग्रंथपालांचा बेत शहामृगांचा होता. खरं तर तो त्यांचा नव्हता, त्यांच्या मेहुण्याचा होता. मेहुण्याने शहामृगपालनाचं माहितीपत्रक आणून दाखवलं होतं, त्यात एक शहामृग थेट ग्रंथपालांच्या डोळ्यांत बघत होतं. आयुष्यभराची शिल्लक त्या पक्ष्यावर लावायची का, हे विचारायला ते साहेबांकडे गेले, पाच फेऱ्या चालले, आणि पाचवी संपताना "नको" एवढा एकच शब्द त्यांच्या तोंडून निघाला. मेहुणा दुसऱ्याचा पैसा घेऊन त्या धंद्यात पडला. पहिल्याच वर्षी शहामृगं कुंपण तोडून गेली आणि मेहुण्याकडे कुंपण राहिलं. ग्रंथपालांची शिल्लक शाबूत राहिली, त्यातून मुलीचं शिक्षण झालं, घर झालं. पण त्या दिवशी बागेच्या फाटकापाशी साहेबांचे आभार मानायचे राहिले होते. उद्धटपणा नव्हता त्यात, दम लागला होता. पुढे दरवर्षी भेट व्हायची, दरवर्षी पाच फेऱ्या व्हायच्या, आणि दरवर्षी फाटकापाशी ग्रंथपाल कठड्याला धरून उभे असायचे. असं करता करता बारा वर्षं गेली, आणि मग एका सकाळी साहेबच गेले.

म्हणून शोकसभेत दोन शब्द बोला म्हटल्यावर ग्रंथपालांना सांगायचं होतं की मी या माणसाचे आभार मानले नाहीत. पण समोर सगळे उभे होते, कारण खोलीत बसायला काही नव्हतं, आणि तोंडातून भलतंच निघालं. "त्यांच्या नावाने बागेत एक बाक असावा," ग्रंथपाल म्हणाले.

खोलीत एकदम बरं वाटल्यासारखं झालं. दातांचे डॉक्टर म्हणाले, "उत्तम कल्पना." खालचे औषधवाले म्हणाले, वा. कपडे शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, माझ्या अगदी मनातलं बोललात. सुताराने नुसता खिशातून टेप काढला आणि परत ठेवला. मग डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच बघा सगळं. तुम्हाला कागदपत्रांची सवय आहे."

साहेबांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, खिडकीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वर्षाच्या आत झालं तर बघायला मिळेल. मग मी मुलीकडे कायमची राहायला जाणार आहे."

"झालाच समजा, वहिनी," ग्रंथपाल म्हणाले. ही त्यांची त्या दिवशीची दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते उद्यान विभागात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, उलटून पाहिला, मागे काही नाही म्हणून निराश झाले, आणि म्हणाले, "बाग आमची. बाक आमचा नाही."

"मग बागेत आहेत ते बाक कुणाचे?"

"ते होतेच," अधिकारी म्हणाले.

नवा बाक म्हणजे फर्निचर, आणि फर्निचर दुसऱ्या इमारतीत. फर्निचर विभागाने सांगितलं की आम्ही छताखालचं बघतो. छत बांधणार असाल तर बोला. तिथून ग्रंथपाल तिसऱ्या इमारतीत, पुतळे व स्मारके विभागात पोचले. या विभागात गेल्या सहा वर्षांत कुणी आलेलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या कारकुनाने त्यांचं फार अगत्याने स्वागत केलं, खुर्ची पुसून दिली, आणि एक छापील अर्ज पुढे केला.

ग्रंथपालांना छापील अर्जांबद्दल मुळात आदर. त्यांनी चष्मा लावला. पहिलाच रकाना होता पुतळ्याचा प्रकार: घोड्यावरील, उभा, बसलेला, कमरेपर्यंत.

"पुतळा नाही. बाक आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"मग बसलेला."

"कोण बसलेला?"

"ते तुम्ही सांगायचं," कारकून म्हणाला. "आम्ही कसं सांगणार?"

अर्ध्या तासाने बाक 'बसलेला' या रकान्यात बसला. पुढचा रकाना घोड्याचा. घोड्याची उंची, रंग, वर उचललेल्या पायांची संख्या. ग्रंथपालांनी तो रिकामा सोडला. कारकुनाने अर्ज परत त्यांच्याकडे सरकवला. "रिकामं नका सोडू. वरचे विचारतात, घोडा लपवला का म्हणून. 'घोडा नाही' असं लिहा आणि खाली सही करा."

ग्रंथपालांनी सही केली. तीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीत त्यांनी घोडा नसल्याबद्दल प्रथमच सही केली होती, आणि घरी जाताना त्यांना उगाचच आपण काहीतरी दडवलंय असं वाटत राहिलं.

अर्ज आत गेला आणि आतच राहिला. एक महिना झाला, दोन झाले, पाच झाले. दर सोमवारी ग्रंथपाल जायचे, कारकून खुर्ची पुसून द्यायचा, आणि फाइल 'हललेली आहे' असं सांगायचा. कुठून कुठे हलली ते सांगायचा नाही. इकडे साहेबांची गिऱ्हाइकं स्वस्थ बसणारी नव्हती. दातांचे डॉक्टर म्हणाले, बाकाला मान टेकायला काहीतरी हवं, माणसाचा जबडा सैल पडतो. औषधवाले म्हणाले, टेकू नका देऊ, लोक झोपतात. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, गादी मी शिवते. मेहुण्याने तर घरी येऊन चहा संपायच्या आत तीन योजना मांडल्या.

"भावजी, बाकाच्या पाठीवर जाहिराती घ्या. बाक स्वतःच स्वतःचा खर्च काढेल."

"खर्च नाहीच आहे. सुतार फुकट करतोय."

"मग गादीत पिसं भरा. माझ्याकडे पोतंभर आहेत. शहामृगं गेली तेव्हा तेवढीच मागे सोडून गेली."

ग्रंथपालांनी बायकोकडे पाहिलं. भावाची बाजू घ्यावी की नवऱ्याची, हा प्रश्न सोडवायला ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सुतार मात्र कुणाचंच ऐकत नव्हता. साहेबांनी त्याला दुकान गहाण टाकू दिलं नव्हतं. पाच फेऱ्यांत तो ऐकेना म्हणून दहा चालवलं होतं. त्यामुळे त्याने बाक मनापासून केला, आणि मनापासून केलेल्या वस्तूचं जे होतं तेच झालं. ग्रंथपालांनी सहा फुटांचं माप दिलं होतं. सातव्या महिन्यात एका रविवारी सकाळी टेम्पो दाराशी आला आणि त्यातून दहा फुटांचा बाक उतरला.

"सहा सांगितलं होतं ना," ग्रंथपाल म्हणाले.

"सहा फूट दुसऱ्या कुणाला ठीक आहे," सुतार म्हणाला. "साहेबांसाठी मी हात आखडता घेणार नाही."

"पण परवानगी आलेली नाही. इथे कशाला आणलात?"

"दुकानात वळता येत नाही मला. तुमच्याकडे कागद आहेत, तर बाकही तुमच्याकडे."

पाच माणसांनी तो उचलला. ग्रंथपालांचं घर पहिल्या मजल्यावर. बाक जिना चढला, पहिल्या वळणापर्यंत आला, आणि तिथे असा काही अडकला की ना वर जाईना, ना खाली येईना. सगळ्यांनी घाम पुसला, सुतार म्हणाला लाकूड अस्सल आहे, आणि टेम्पो निघून गेला.

त्या दिवसापासून ग्रंथपालांच्या अब्रूची जी लक्तरं निघाली, त्यांचा हिशेब ठेवणं कठीण आहे. इमारतीच्या सेक्रेटरींनी संध्याकाळच्या आत नोटीस लावली: 'पहिल्या मजल्यावरील सभासदांनी जिन्यातील खासगी आसन त्वरित हटवावे.' नाव लिहिलं नव्हतं, पण पहिल्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड नव्हतं. चार दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन चढताना बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वीस वर्षं या वळणावर धाप लागते मला. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं." मग त्यांच्याशी बोलायला दुसऱ्या मजल्यावरच्या बाई टेकल्या. आठवड्याभरात जिन्याच्या वळणावर रोज संध्याकाळी सहा-सात जणांची बैठक भरू लागली. तिथे सुनांची चौकशी होई, गुडघ्यांची होई, आणि ग्रंथपाल कामावरून येताना दिसले की एकदम सगळे गप्प होत, त्यावरून त्यांचीही होत असावी. त्यांना स्वतःच्या घरी जायला रोज "जरा पाय घेता का" असं दोनदा म्हणावं लागे. एके दिवशी त्या बाकावर खुद्द सेक्रेटरी बसलेले सापडले. ते म्हणाले, "नोटीस कायम आहे. मी फक्त अंमलबजावणी कशी करायची ते बघतोय."

"तुमच्या चालतेसाहेबांनी तुम्हाला शहामृगांतून सोडवलं," बायको म्हणाली, "आता यातून कोण सोडवणार?"

ग्रंथपालांना हे फार लागलं. कारण खरं होतं. अशा वेळी ज्याच्याकडे जाऊन विचारायचं तो माणूस नव्हता, आणि तो नाही म्हणूनच हे सगळं चाललं होतं. त्या रात्री जेवण त्यांना गेलं नाही. वर्ष संपायला सहा आठवडे उरले होते, वहिनींचं सामान बांधून होत आलं होतं, आणि ग्रंथपालांनी दिलेला शब्द जिन्यात अडकून पडला होता.

शेवटी पुढच्या सोमवारी ते स्मारक विभागात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी टेबलापुढे आवाज चढवला. म्हणजे ग्रंथालयात बोलतात त्यापेक्षा थोडं मोठ्याने बोलले. "एका बाईंना मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "त्या गाव सोडून चालल्यात. त्यांच्या यजमानांनी माझं घर वाचवलं. मला त्यांच्यासाठी एवढं एकच करायचं आहे, आणि तुम्ही मला घोड्याबद्दल विचारता."

कारकून उठला, स्वतः फाइल काखेत मारून वरच्या मजल्यावर गेला, आणि दोन तासांनी खाली आला. पत्रावर शिक्का होता. 'बसलेल्या, बिगर-घोडा स्मारकास मंजुरी देण्यात येत आहे.' ग्रंथपालांनी ते तिथल्या तिथे दोनदा वाचलं. कारकून म्हणाला, "मलाही या खात्यात काहीतरी झालेलं बघायचं होतं."

बाक हलवायचा दिवस ठरला. सुताराने कठड्याच्या तीन सळ्या काढायचं मान्य केलं आणि सेक्रेटरींनी ते न बघायचं मान्य केलं. आदल्या संध्याकाळी वहिनी बाक बघायला आल्या. डॉक्टर, औषधवाले, शिवणकामवाल्या बाई, सुतार, सगळे जिन्यात जमले होते. वहिनी पायऱ्या भरभर चढून आल्या, बाकासमोर थांबल्या आणि त्यांनी लाकडावरून हात फिरवला.

"सुंदर झालाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू का? ह्यांना बसलेलं कुणी पाहिलंय?"

डॉक्टर आठवू लागले. त्यांनी साहेबांचे दातही उभ्यानेच तपासले होते, साहेब खुर्चीत बसायला तयार नव्हते म्हणून. औषधवाल्यांना आठवेना. शिवणकामवाल्या बाईंनी बूट घालताना वाकलेलं पाहिलं होतं, पण तेही भिंतीला टेकून.

"जेवायलासुद्धा अर्धे उठलेले असायचे," वहिनी म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या फोटोत मी एकटी बसलेय."

वर्षभर तीन इमारती झिजवून, शेजाऱ्यांचं ऐकून घेऊन, घोडा नसल्याची सही करून ग्रंथपालांनी काय उभं केलं होतं, तर जो माणूस जन्मात बसला नाही त्याच्यासाठी बसायची जागा. आणि एकालाही हे सुचलं नव्हतं. कसं सुचणार? साहेबांच्या मागून धापा टाकत चालताना प्रत्येकाच्या मनात एकच विचार असायचा, कुठेतरी टेकायला मिळावं. साहेबांची आठवण आली की त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना आपोआप बसावंसंच वाटायचं.

"चुकलंच माझं, वहिनी," ते कसेबसे म्हणाले. "आपण रद्द करू. मी दुसरं काहीतरी…"

पण वहिनींना हसू फुटलं होतं. त्या कठडा धरून हसत राहिल्या, इतक्या की वरच्या काकू पाणी घेऊन खाली आल्या. वर्षभरात कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठी नसेना का. त्यांनी दमवलेल्या माणसांसाठी होईल. फक्त उद्या पाच फेऱ्या झाल्याशिवाय कुणी बसायचं नाही. ते असते तर बसू दिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक बागेत बसला आणि त्याच्यावर कुणीच बसलं नाही. ग्रंथपालांनी चार पानी भाषण लिहून आणलं होतं. वहिनी म्हणाल्या, "चला, चालता चालता बोलू," आणि निघाल्या. चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर काढलेल्या बाई कुठल्या वेगाने चालत असतील, याचा अंदाज कुणाला आला नव्हता. पहिल्या वळणावर भाषणाचं पहिलं पान उडालं. दुसऱ्या फेरीत औषधवाले मागे पडले. तिसऱ्या फेरीत ग्रंथपाल मोठ्या कष्टाने वहिनींच्या बरोबरीला आले आणि त्यांनी उरलेली पानं खिशात कोंबली.

"वहिनी," ते म्हणाले, "मी त्यांचे… कधी आभार मानले नाहीत. बारा वर्षं. दम लागलेला असायचा. त्यांनी मला वाचवलं आणि मी…"

"तुम्ही शहामृगवाले ना?"

साहेबांच्या घरात आपण या नावाने ओळखले जात होतो, हे ऐकून ग्रंथपालांना जरा वाईट वाटलं. "हो," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठे वाचवलं त्यांनी? तुम्ही पहिल्याच फेरीत म्हणालात म्हणे, एवढा मोठा पक्षी आणि उडता येत नाही, मला काही खरं वाटत नाही. सल्ला तिथेच संपला होता. ह्यांनी घरी येऊन सांगितलं मला."

"मग पुढच्या चार फेऱ्या?"

"त्या त्यांनी स्वतःसाठी घेतल्या," वहिनी म्हणाल्या. चाल त्यांनी कमी केली नव्हती. "तुम्ही त्यांना विचारलं होतं, शर्यतीत एवढा वेळ चालताना मनात काय चालायचं. आठवतं? कुणी विचारायचं नाही त्यांना ते. सगळे आपापल्या पैशांचं बोलायचे. त्या दिवशी आले ते बूट न काढताच माझ्याशी बोलत राहिले. म्हणाले, आज चांगला माणूस भेटला, सोडवेना."

ग्रंथपालांना आठवेना. घाबरून काहीतरी बडबडलो होतो, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. बारा वर्षं ते ज्या उपकाराखाली वाकले होते, तो उपकार साहेबांच्या घरी त्यांच्याच नावावर जमा होता.

"मग दरवर्षी पाच फेऱ्या…" ते म्हणाले.

"दरवर्षी तुमचं काम एका फेरीचं होतं," वहिनी म्हणाल्या.

मागून डॉक्टर ओरडून विचारत होते, ही तिसरी की चौथी. ग्रंथपालांना फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम सांगता येईल एवढा दम त्यांच्याकडे नव्हता. म्हणून ते वहिनींच्या बरोबरीने चालत राहिले. बाक आला, बाक मागे गेला.